कडूबाईच्या मुठीतला धागा

“मूठ गच्च धरा, माय. मनात अकरा वेळा देवाचं नाव घ्या. आणि मी म्हणेस्तोवर मूठ उघडू नका.”

धागेबाबांचा तो आवाज अजून माझ्या कानांतून गेलेला नाही. गूळ कालवल्यासारखा आवाज होता. त्या आवाजावर गावच्या चौदा बाया मारुतीच्या पारासमोर मुठी आवळून उभ्या होत्या आणि भोवती सगळं गाव दाटलं होतं. पोरं बाभळीवर चढली होती. खडी फोडायच्या कामावरची माणसं हातोडे टाकून आली होती. त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळाचं दुसरं वर्ष. चूल पेटणं अवघड, पण बाबांसाठी नारळ मात्र कुठून कुठून निघाले होते.

“धागा पिवळा राहिला, तर माय पवित्र,” बाबा डोळे मिटून सांगत होते. “धागा लाल झाला, तर तिच्या हाताला लेकराचं रगत लागलंय. जीभ खोटं बोलती, डोळा खोटं बोलतो. धागा मुका हाय, म्हणून खरं बोलतो. डॉक्टरची नळी छातीवर लागती, माझा धागा पापावर लागतो. बोला, अलख निरंजन!”

धागा मुका असेल तर बोलतो कसा, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते.

बाबांच्या पुढ्यात दोन थैल्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रत्येक बाईच्या तळहातावर ते पांढरा अंगारा चोळत, वर ओला पिवळा धागा ठेवत आणि मूठ मिटवत. आता एकेक मूठ उघडू लागली. पिवळा. पिवळा. प्रत्येक मुठीबरोबर गर्दी श्वास सोडत होती. बारावी मूठ कडूबाईची.

तिने मूठ उघडली आणि समोरची बाई किंचाळली. धागा लाल झाला होता. तळहातावर लाल ओघळ आले होते.

“हीच ती!” पुढे बसलेल्या गोजरबाई उठल्या. साठीच्या, कारभारीण बाई, सगळ्या आळीवर त्यांचा वचक. “माज्या नातवाला हिनंच खाल्लं असतं. टोपडं घालून घात केला, रांडंनं!”

कडूबाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने गर्दीत मला शोधलं.

“वैनी,” ती म्हणाली, “लोकर तुमी रंगिवली ना? तुमी तरी सांगा की.”

मी मान खाली घातली आणि विष्णुसहस्रनामातलं पुढचं नाव म्हटलं.

आता हे टोपड्याचं काय, ते सांगते. माझे यजमान ग्रामसेवक. दुष्काळी कामांमुळे ते आठवड्यातले पाच दिवस शेवगावला असत. आईबाप खडीवर गेले की गावची पोरं उन्हात मोकाट फिरत, म्हणून मी त्यांना दुपारी ओसरीवर बसवू लागले. रोज एका लेकराच्या मुखी घास घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही, असा माझा नेम आहे. पण नुसता घास देऊन पोर बसत नाही, हातांना काम लागतं. कडूबाई धनगरवाड्यातली, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, सहा वर्षांची राही नावाची मुलगी पदरात. ती मेंढरांची पांढरी लोकर कातून मला आणून देई. सायकलच्या मोडक्या चाकाच्या तारा दगडावर घासून आम्ही सुया केल्या. डाळिंबाच्या सालीत लोकर उकळली की मातकट रंग येई, पळसाच्या फुलांत केशरी, हळदीत पिवळाधमक. पाण्याची तर मारामार, म्हणून धुतलेल्या तांदळाचं पाणीसुद्धा आम्ही रंगाच्या पातेल्यात ओतत असू. पोरं पातेल्यावर वाकून भांडत, “माझी आधी बुडवा, काकू!” आणि गावात बाळ जन्मलं की बारशाला आमच्या ओसरीवरून एक टोपडं जाई. वाकडं असे, एखादा टाका सुटलेला असे, पण पोरं ते स्वतः नेऊन बाळाच्या डोक्यावर घालत आणि आल्यावर चार दिवस त्याच गप्पा मारत.

या वैशाखात तीन बाळांना हगवण लागली. विहिरीत टँकरचं पाणी सोडत, तळाशी गाळ, त्यावर हिरवी साय, आणि तेच पाणी सगळे पीत. शेवगावहून आलेल्या नर्सबाईने पाणी उकळायला सांगितलं, तर लोक म्हणाले, जळण कुठाय? श्रीमंतचा, म्हणजे कडूबाईच्या धाकट्या दिराचा, दीड महिन्याचा मुलगा गेला. गोजरबाईंचा नातू आजारी पडला. तिसरं बाळ कसंबसं वाचलं. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की तिघांच्याही डोक्यावर पिवळी टोपडी होती. ते पाणी तिघांच्याही घरात होतं, तसं ते माझ्याही घरात होतं, पण पाण्याला बोट दाखवून कोणाचं समाधान होत नाही. माणूस लागतो.

धागेबाबांना श्रीमंतने आणलं. बाबांनी आल्याआल्या माझ्याकडे निरोप धाडला, ‘नेमधर्म करणाऱ्या सवाष्णीच्या हातची हळदीची लोकर पाहिजे.’ साऱ्या गावातून माझंच नाव निघालं, याचं मला काय वाटलं ते लपवत नाही. मला धन्य वाटलं. सोवळ्याने लोकर रंगवली आणि ताटात घालून, वर फूल ठेवून, मी स्वतः नेऊन दिली.

त्या लाल धाग्यानंतर जे झालं ते मी थोडक्यातच लिहीन. कडूबाईचे केस कापले. गोजरबाईंनी धरलं, श्रीमंतने कापले, मेंढरं कातरायच्या कात्रीने, तिच्याच घरातल्या. चपलांचा हार घातला. राही “आये, आये” करत मागे धावत होती, तिला एकाने काखोटीला मारून नेलं. कडूबाईला गावाबाहेरच्या ओसाड मेंढवाड्यात नेऊन सोडलं आणि सांगितलं, गावात पाऊल टाकलंस तर पाऊल राहणार नाही. मग बाबांनी पारासमोर होळी पेटवून सगळी टोपडी आणायला लावली. ती ज्यांनी विणली त्यांच्याच हातांनी आगीत टाकायची, नाहीतर दोष त्यांना लागेल, असं फर्मान निघालं. आठ-नऊ वर्षांची पोरं रांगेत उभी राहिली. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. एका मुलीने टोपडं छातीशी धरलं, तर तिच्या आईने मुस्काटात मारून ते ओढून घेतलं.

“बाबा, नातवाला शेवगावच्या दवाखान्यात न्हेऊ का?” गोजरबाईंच्या सुनेने, आक्काबाईने, भीतभीत विचारलं होतं.

“न्हे की,” बाबा हसले. “पर माझा अंगारा मग चालणार न्हाई. एका म्यानात डॉक्टर आणि देव, दोघं बसतील का?”

लोकही हसले. तिने बाळाला पदराखाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर फक्त चारच पोरं आली. त्यांत जहिरा होती, फाट्यावर पानाची टपरी चालवणाऱ्या लालमहंमदची दहा वर्षांची मुलगी. धागेबाबांना दिलेल्या लोकरीतली उरलेली लडी कोपऱ्यात होती. सकाळी पाणी शिंपडताना ती ओली झाली होती. जहिराने ती गुंडाळायला घेतली, आणि थोड्या वेळाने तिच्या शेजारची पोरगी उडी मारून मागे सरकली.

“काकू! जहिराच्या बोटाला लाल! जहिरा पन करनीवाली!”

तिन्ही पोरं ओसरीवरून खाली पळाली. आणि मी, रोज सकाळी सर्वांभूती देव म्हणणारी मी, दोन पावलं मागे झाले. जहिराने ते पाहिलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला शेवटच्या दिवसापर्यंत आठवेल.

“काकू, मी काय बी केलं न्हाई,” ती म्हणाली. “मी अब्बाला जेवाया सोडून दुकानात पानं लावीत हुते. हात नीट धुतले न्हाईत. पानी नव्हतं. ह्यो चुना हाय नुसता. बगा ना.”

तिने नखातला चुना खरवडून लडीच्या दुसऱ्या टोकाला लावला. आमच्या डोळ्यांदेखत तिथे लाल ठिपका उमटला. तिने आणखी एक लावला. आणखी एक. रडत रडत ती लावतच राहिली.

हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग लाल होतो, हे मला माहीत नव्हतं का? विसाव्या वर्षापासून धुणं धुते आहे. गोजरबाईंना माहीत नव्हतं? त्या चौदा जणींतली एक तरी अशी होती का, जिने धुण्याच्या दगडावर हे पाहिलं नव्हतं? माझ्या माहेरी तर आजी हळदीत चुना कालवून घरीच कुंकू करायची, आणि आम्ही मुली तो रंग पालटताना बघायला टपून बसायचो. पण तीच गोष्ट पारावर, मंत्र म्हणून, दाढीवाल्या माणसाच्या हातून झाली, आणि आम्ही आमचं रोजचं धुणं विसरलो. बाबांचा हात फक्त कडूबाईच्या वेळी उजव्या थैलीत गेला होता, तेही मला आता आठवलं. मी कपाळाला ज्याने सौभाग्य मिरवते, त्यानेच एका विधवेला चेटकीण ठरवलं होतं. आणि हळद माझ्या घरची होती.

जहिराला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, पण अंग आखडून.

ऊन कलल्यावर मी भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन मेंढवाड्यावर गेले. कडूबाई भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर कातरीचे ओरखडे. मी सगळं सांगितलं, चुना, हळद, सगळं. ती ऐकत होती की नाही, कळेना.

“काल सांगायचं हुतं,” शेवटी ती म्हणाली.

“काल मला सुचलं नाही गं.”

“सुचाया काय लागतं? तुमी नुसतं उटून म्हनला असता, की ही बाई तशी न्हाई, तरी दोघं-चौघं थांबले असते. तुमचं नाव हाय गावात.” तिने भाकरीकडे पाहिलं, हात लावला नाही. “माजं काय बी करू नका आता. माजी पोरगी आना. त्यांनी तिला कुटं ठिवलंय?”

“राहीला मी आणते. माझा शब्द आहे.”

“शब्द,” कडूबाई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बाबा दुसरी चेटकीण शोधणार होते, कारण आक्काबाईच्या बाळाला उतार पडला नव्हता आणि अंगाऱ्याचं नाव जाऊ द्यायचं नव्हतं. गर्दी परवाच्यापेक्षा जास्त. पुन्हा बाया उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

“वैनी, तुमी कशाला?” श्रीमंत म्हणाला.

“लोकर माझी आहे ना? मग आधी माझाच हात पाहा.”

बाबांनी हसून डाव्या थैलीत हात घातला.

“उजव्या थैलीतला अंगारा द्या, बाबा,” मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक की पुढच्यांनाच ऐकू गेला.

बाबांचा हात थांबला. “देवाचा परसाद डावाउजवा नसतो, माय.”

“मग उजवाच द्या.”

“सती माय थट्टा करती,” बाबा गर्दीकडे बघून म्हणाले. “उन्हाचा तरास झाला असंल.” लोक हसले.

माझ्या बोलण्याने काही होणार नव्हतं. शेजारीच गोजरबाई बसल्या होत्या. गुडघ्यावर चंची उघडी, तळहातावर तंबाखू आणि चुना, अंगठ्याने मळणं चाललेलं. त्यांनी तंबाखू तोंडात टाकला. मी ताटातला ओला धागा उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

“मावशी, जरा धरा हो. अकरा वेळा नाव घ्या.”

“मला काय भ्याचंय?” त्यांनी मूठ मिटली. अकरा मोजायच्या आतच उघडली, आणि धागा लालभडक.

कोणी ओरडलं नाही. मग मागून एक आवाज आला, “म्हातारी बी!” आणि तो आवाज पसरत गेला. “म्हातारीच खाती नातवाला!” “म्हनून तर उतार पडंना!” दोन दिवसांपूर्वी ज्यांनी कडूबाईचे हात धरले होते तेच हात पुढे आले. आक्काबाईने बाळ छातीशी आवळलं आणि सासूपासून दूर सरली. श्रीमंतने पायातली चप्पल काढली.

“आरं, तंबाखू मळला रं! श्रीमंता, मी तुजी मावशी!” गोजरबाई पारावर मागे मागे सरकत होत्या. त्यांचा पदर पडला होता.

मी खोटं लिहिणार नाही. एक क्षण मला बरं वाटलं. एक क्षण मी तशीच उभी राहिले.

मग मी गोजरबाईंच्या चंचीतल्या डबीत बोट घालून चुना माझ्या तळहाताला फासला, वर धागा दाबला आणि हात वर धरला. माझाही लाल.

“मला मारा!” मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते. “मारा की! मी रोज सहस्रनाम म्हणते, सोमवार धरते, आणि माझा धागा लाल झाला! श्रीमंत, हात पुढे कर.” तो गोंधळून उभा होता. मी त्याच्या तळव्याला चुना लावला, धागा ठेवला. “बघ. तूही. आता कातर कोणाचे केस?”

श्रीमंत हाताकडे बघत राहिला. अगदी कडूबाईसारखाच.

“काकू, ती थैली!” बाभळीवरून जहिरा ओरडली. बाबांचा चेला उजवी थैली काखेत दाबून निघाला होता. लालमहंमदने त्याला धरलं, थैलीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

“चुना,” तो म्हणाला. “वाळवून कुटलाय. तीस वर्षं पानं लावतो, मला नका शिकवू.” त्याने डाव्या थैलीत बोट घातलं. “आणि ह्ये तांदळाचं पीठ. वर जरा चंदन.”

मी मूठभर चुना ताटातल्या सगळ्या लोकरीवर टाकला. ताट लाल झालं. मग चिंचेचं पाणी मागवलं. त्यात लडी बुडवली, तर ती पुन्हा पिवळी. पुन्हा चुना, लाल. पुन्हा चिंच, पिवळी. पोरं झाडांवरून उतरून ताटाभोवती जमली. मोठी माणसं लांबच उभी होती.

“ज्या बाईवर गावाचा संशय, तिचं नाव हा आदल्या दिवशीच विचारून घेत होता,” मी म्हटलं. “तिच्या हातावर उजवी थैली, बाकीच्यांच्या हातावर डावी. याहून जास्त काहीही नाही यात. श्रीमंत, कोणाचं नाव सांगितलं होतंस?”

श्रीमंत लाल झालेला तळवा कपड्याला पुसू लागला. त्याची बायको मात्र तोंडाला पदर लावून रडू लागली.

“कलियुग हाय,” बाबा उठता उठता पुटपुटले. “सत्याला चुना लावत्यात लोकं.” चेल्याने नारळांचं पोतं उचललं. दोघं भर गर्दीतून चालत फाट्यावर गेले आणि ट्रकमध्ये बसून निघून गेले. त्यांच्या अंगाला कोणी बोटही लावलं नाही. आमच्या गावचे हात फक्त बायांवर उचलले गेले होते.

आक्काबाई कोणाला न विचारता बाळ घेऊन शेवगावच्या एसटीकडे पळत सुटली. ते बाळ अजून दवाखान्यात आहे. श्रीमंतचं बाळ परत येणार नाही. कडूबाईला न्यायला चार माणसं मेंढवाड्यावर गेली, पण ती उठली नाही. “आधी पोरगी,” एवढंच म्हणाली. तिची कोणी माफी मागितली नाही. गोजरबाई म्हणतात, “झालं गेलं, बाबानं आमाला बी फसिवलं की.” खरं आहे, फसवलं. पण कात्री बाबाने धरली नव्हती.

वाचणाऱ्या बायांनो, मी देव मानते, उपास करते, पुढेही करीन. पण एवढं सांगते, देवाला साक्ष द्यायला चुना लागत नाही. कोणी हातावर काही चोळलं, काही पालटून दाखवलं, तर नमस्कार करण्याआधी विचारा: हे आपल्या मोरीत, आपल्या चुलीवर होतं का? तुम्हांला घरात जे रोज दिसतं तेच तो पारावर दाखवत असेल. घरी करून पाहा. तोवर हात जोडू नका, आणि कोणावर उचलू तर मुळीच नका. लेकरू आजारी पडलं, तर पाणी उकळा आणि दवाखान्यात न्या. जळण नसेल तर माझ्याकडे या.

कडूबाईला हाकललं त्याच रात्री राहीला केडगावला, आत्याकडे, पाठवून दिल्याचं श्रीमंतने मला सांगितलं. आत्याच्या मनात अजून धागा लालच आहे. तिने ‘चेटकिणीच्या घरी पोर पाठवणार नाही’ असा निरोप धाडला. मी ‘माझ्याबरोबर चल’ म्हटल्यावर श्रीमंतने मान डोलावली, पण सकाळी तो घरात सापडला नाही.

मी एका डबीत चुना घेतला, एका पुडीत हळद. जहिराला म्हटलं, दुपारी पोरांना सुया दे, लोकर संपली तर उसवून पुन्हा विणा. मग दार ओढून घेतलं आणि पहिल्या एसटीसाठी फाट्याकडे चालू लागले.